दोनदा फ्रान्सची राणी: ब्रिटनीच्या अ‍ॅनची सोयरीक

ब्रिटनीच्या अ‍ॅनवर (१४७७-१५१४) आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. फ्रान्सच्या पश्चिम टोकाचं ब्रिटनी तेव्हा नावाला फ्रेंच राजाचं मांडलिक होतं, कारभार मात्र स्वतंत्र होता. अ‍ॅन तिथली डचेस.

प्रश्न: फ्रान्समध्ये बाईला गादी मिळत नसे. मग अ‍ॅनला ब्रिटनी कशी मिळाली?

तो नियम फ्रान्सच्या गादीचा. ब्रिटनीत वारसाहक्कावरून १३४१ पासून तेवीस-चोवीस वर्षं युद्ध पेटलं होतं. १३६५ च्या गेरांदच्या तहात ठरलं की पुरुष वारस असेल तोवर गादी त्याची, नसेल तर मुलीची. अ‍ॅनचे वडील ड्यूक दुसरे फ्रान्सिस यांना अ‍ॅन आणि इझाबो या दोनच औरस मुली. अनौरस मुलगा होता, पण त्याला सरदारकीवर समाधान मानावं लागलं. १४८६ मध्ये वडिलांनी ब्रिटनीच्या प्रतिनिधिसभेकडून मुलींचा हक्क मान्य करून घेतला.

प्रश्न: तिचं एक लग्न नवरदेव हजर नसतानाच लागलं होतं म्हणतात. खरं का?

खरं आहे. जुलै १४८८ मध्ये ब्रिटनीचं सैन्य फ्रेंचांकडून हरलं. राजाच्या संमतीशिवाय मुलींची लग्नं करणार नाही, असं वडिलांना लिहून द्यावं लागलं आणि सप्टेंबरात ते वारले. अ‍ॅन तेव्हा अकरा वर्षांची. फ्रान्सला टक्कर देईल असा सोयरा हवा, म्हणून तिच्या सल्लागारांनी हॅब्सबर्ग घराण्याचा विधुर माक्सिमिलियन निवडला. डिसेंबर १४९० मध्ये रेन शहरात त्याच्या वकिलाने साक्षीदारांसमोर एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा करून नवरीच्या अंथरुणात घातला. झालं लग्न! नवरा मात्र हंगेरीच्या भानगडीत अडकलेला. फ्रेंच फौजांनी रेनला वेढा घातला तरी त्याची पुरेशी मदत पोचली नाही. ६ डिसेंबर १४९१ रोजी लांजेच्या गढीत अ‍ॅनचं लग्न फ्रान्सचा राजा आठवा शार्ल याच्याशी लागलं. ती चौदा वर्षांची होती.

आता गंमत पाहा. शार्लची वाग्दत्त वधू होती माक्सिमिलियनचीच मुलगी मार्गारेट. ती तीन वर्षांची असल्यापासून, म्हणजे १४८३ पासून, फ्रेंच दरबारात भावी राणी म्हणून वाढत होती. म्हणजे अ‍ॅन कागदोपत्री तिची सावत्र आई! माक्सिमिलियनने एकाच दिवशी बायको आणि जावई दोन्ही गमावले. पोपची परवानगी लग्नानंतर दोनेक महिन्यांनी आली, आणि मार्गारेटची पाठवणी तर १४९३ मध्ये झाली. तोवर ती पोर फ्रान्समध्येच अडकून पडली होती.

प्रश्न: दुसरा नवरा बारावा लुई तिचा काका लागत होता का?

आपल्या हिशेबाने काकाच. ऑर्लेआंचा ड्यूक लुई आणि त्याची मिलानी बायको व्हॅलेंटिना व्हिस्कोंती या जोडप्यापासून सुरुवात करा. त्यांचा मुलगा कवी शार्ल, आणि त्याचा मुलगा बारावा लुई. त्यांची मुलगी मार्गरित, आणि तिचा मुलगा म्हणजे अ‍ॅनचे वडील. तेव्हा लुई हा अ‍ॅनच्या वडिलांचा सख्खा मामेभाऊ. १४८८ च्या लढाईत तो त्यांच्याच बाजूने लढला आणि तीन वर्षं कैदेत राहिला.

पण याहून अवघड नातं दुसरंच. लुईची पहिली बायको जान ही शार्लची सख्खी बहीण, म्हणजे अ‍ॅनची नणंद. एप्रिल १४९८ मध्ये आंब्वाजच्या वाड्यात दाराच्या चौकटीवर डोकं आपटून शार्ल गेला आणि लुई राजा झाला. १४९१ च्या करारातच लिहिलेलं होतं की शार्ल मुलगा मागे न ठेवता वारला तर अ‍ॅनने त्याच्या वारसाशी लग्न करायचं. जानशी झालेलं लग्न रद्द ठरवण्यासाठी लुईने तिच्या शरीरव्यंगाचा भर न्यायासनासमोर पाणउतारा केला. पोपचा हुकूम घेऊन आला तो पोपचाच मुलगा सेझारे बोर्जिया, आणि बक्षीस म्हणून व्हॅलेंतिनवाची जहागीर घेऊन बसला. या सगळ्या प्रकरणात माझी सहानुभूती जानला. तिने पुढे बूर्जमध्ये जोगिणींचा संघ काढला आणि १९५० मध्ये चर्चने तिला संतपद दिलं.

अ‍ॅनला नुसतं बाहुलं समजणाऱ्यांनी तिचे दोन विवाहकरार शेजारी ठेवून वाचावेत. पहिला पराभूत मुलीचा आहे. विधवा होताच ती ब्रिटनीत परतली, कारभार हाती घेतला आणि सिंहासनावर बसलेल्या स्वतःच्या प्रतिमेची सोन्याची नाणी पाडली. जानेवारी १४९९ मधल्या दुसऱ्या करारात ब्रिटनीचा कारभार तिच्याकडे राहिला आणि दुसऱ्या अपत्याला ब्रिटनी मिळेल असं कलम पडलं. दोन राज्यं एका हातात जाऊ नयेत, हा त्यातला डाव.

प्रश्न: तिला मुलं किती?

जगल्या त्या दोन मुली, दोन्ही लुईपासूनच्या: क्लोद (१४९९) आणि रने (१५१०). शार्लपासून झालेलं एकही मूल वाचलं नाही. थोरला शार्ल-ओरलां तीन वर्षांचा होऊन गोवराने गेला. तूरच्या कॅथेड्रलमध्ये त्याची आणि धाकट्या भावाची संगमरवरी समाधी आहे.

प्रश्न: इतकं करूनही ब्रिटनी फ्रान्सकडे गेलीच कशी?

क्लोदमुळे. अ‍ॅनच्या मनात तिच्यासाठी माक्सिमिलियनचा नातू होता, म्हणजे पुढचा सम्राट पाचवा चार्ल्स. तसा करारही झाला. पण १५०६ मध्ये तूरच्या सभेत राज्याच्या प्रतिनिधींनी गळ घातली आणि लुईने क्लोद आपल्या चुलतभावाच्या मुलाला, फ्रान्सच्या गादीचा वारस असलेल्या फ्रान्सिसला, द्यायचं ठरवलं. अ‍ॅन मरेपर्यंत आडवी आली. ९ जानेवारी १५१४ ला ती ब्लुआला वारली आणि १८ मे रोजी लग्न उरकलं. दुसऱ्या अपत्याचं कलम लुईनेच गुंडाळून ठेवलं, रनेच्या हाती ब्रिटनी आली नाही. १५३२ मध्ये ब्रिटनी फ्रान्सला कायमची जोडली गेली.

प्रश्न: पॅरिसला जाणार आहे. तिथे काय पाहू?

शहराच्या उत्तरेला सां-दनीच्या चर्चमध्ये अ‍ॅन आणि लुई यांची समाधी आहे. वर दोघं गुडघे टेकून प्रार्थना करताहेत आणि खाली दोघांची उघडी प्रेतं कोरली आहेत. लेप भरण्यासाठी पोटावर दिलेल्या छेदाचे टाकेसुद्धा दगडात दिसतात, वाकून पाहा. वेळ असेल तर नांत गाठा. तिचं हृदय ठेवलेली सोन्याची कुपी तिथल्या दोब्रे संग्रहालयाची. एप्रिल २०१८ मध्ये ती चोरीला गेली होती, पण आठवडाभरात सां-नाझेरजवळ जमिनीत पुरलेली सापडली. हृदय मात्र तिच्यात नाही, ते फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीतच काढून टाकलं गेलं.