पत्रोत्तरं : बेस गिटार, अॅम्प आणि प्लगची तिसरी पिन

प्रश्न : मी कोल्हापुरात एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. बेस फेंडर कंपनीच्या ‘जॅझ बेस’च्या धर्तीचा, स्वस्तातला आहे. घरी आवाज स्वच्छ येतो, पण मांडवात लावला की ‘घूंऽऽ’ असा हम सुरू होतो. निवेदक बोलायला लागला की हा हम सगळ्या मांडवाला ऐकू जातो. गेल्या कार्यक्रमात साउंडवाल्यानं अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढली आणि हम गेला. आता कायम तसाच प्लग वापरू, की पिकअप बदलू?

उत्तर : आधी तो प्लग बदला, आजच. पुढचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल.

अॅम्पची धातूची चासी, म्हणजे सांगाडा, त्या तिसऱ्या पिनेतून जमिनीला जोडलेली असते. तुमच्या बेसचा ब्रिज (तारा जिथं अडकवतात तो धातूचा भाग) एका बारीक वायरनं जॅकच्या (केबल खुपसायच्या भोकाच्या) अर्थला जोडलेला असतो, जॅक केबलच्या जाळीला आणि जाळी अॅम्पच्या चासीला. म्हणजे तुमच्या बोटांखालच्या तारा आणि अॅम्पची चासी विजेच्या हिशेबानं एकच. आत एखादी वायर सुटून चासीला टेकली, तर पिन असताना करंट जमिनीत जातो, फ्यूज उडतो आणि अॅम्प बंद पडतो. पिन नसेल तर 230 व्होल्ट तुमच्या तारांवर येऊन बसतात आणि अॅम्प चालूच राहतो. मग कोरस धरायला तुम्ही माइकजवळ तोंड नेता. माइकची जाळी मिक्सरमार्फत अर्थला जोडलेली असते, आणि हात ते ओठ हा रस्ता तुमच्या छातीतून जातो. 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्सी इथं ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे मंचावर माइकला हात लागताच विजेच्या धक्क्यानं गेला. अर्थिंग नीट नव्हतं. आपल्याकडे भाद्रपदात मांडवात चिखल असतो, चपला ओल्या असतात, म्हणून मी या बाबतीत कुणाचंही ऐकून घेत नाही.

आता हमचं बघू. जॅझ बेसला दोन सिंगल-कॉइल पिकअप, म्हणजे तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारी एकेरी गुंडाळीची चुंबकं, असतात. चांगल्या जोडीत दुसऱ्याची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा पहिल्याच्या उलट असते, त्यामुळे दोन्ही व्हॉल्यूम सारखे उघडले की हम एकमेकांत मिटतो आणि तारांचा आवाज मात्र राहतो. एक व्हॉल्यूम जरा मागे घेतलात की हम परत आला. म्हणून पहिली परीक्षा ही : दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. हम बराच कमी झाला, तर पिकअप शाबूत आहेत. फरकच पडला नाही, तर एकतर स्वस्तातल्या जोडीत दोन्ही एकाच दिशेचे बसवलेत किंवा हम भलतीकडून येतोय.

मग उभ्या जागी सावकाश गोल फिरा. एका दिशेला हम वाढतो आणि काटकोनात वळलं की पडतो, असं झालं तर जवळचा एखादा ट्रान्सफॉर्मर किंवा लाइटचा डिमर पिकअपमध्ये शिरतोय. त्यावर कॉपर टेपचा (तांब्याच्या चिकटपट्टीचा) उपाय चालत नाही. चार पावलं सरकून उभं राहणं चालतं. उलट, तारांना हात लावला की गुणगुण कमी होते आणि सोडला की वाढते, असं असेल तर शिल्डिंगचं, म्हणजे आतून धातूचं अस्तर लावायचं, काम आहे. तारांना हात लावल्यावर ती वाढली किंवा झिणझिण्या आल्या, तर वाजवणं थांबवून मेन स्विच पाडायला सांगा.

शिल्डिंग घरी करता येतं. बटणांची धातूची पट्टी उघडा, आतल्या खळग्याला कॉपर टेप लावा, पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढू द्या आणि प्रत्येक सांध्यावर सोल्डरचा एक थेंब द्या. टेपचा गोंद करंट जाऊ देणारा आहे असं दुकानदार सांगेल, तरी मीटर लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बीप येतो का ते बघा. टेप एका वायरनं पॉटच्या (व्हॉल्यूम-टोनच्या बटणाखालच्या फिरत्या भागाच्या) पाठीला जोडा. जॅकचा गरम, म्हणजे सिग्नलचा, पाय टेपला टेकू देऊ नका, टेकला तर बेस मुका होईल. तिथं इन्सुलेशन टेपचा तुकडा लावून ठेवा.

तरीही माझा संशय वेगळ्याच जागी आहे. पिन काढल्यावर हम गेला याचा अर्थ बहुधा तुमचा अॅम्प एका बोर्डावर आहे, मिक्सर दुसऱ्या बोर्डावर, आणि दोघांना जोडणाऱ्या लाइनच्या केबलमुळे अर्थचं वेटोळं तयार झालंय. अॅम्पमधून मिक्सरला जाणारी केबल काढून बघा. हम गेला तर हेच कारण. त्यावर डीआय बॉक्स (सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी छोटी डबी) घ्या, आणि त्यावर ‘ग्राउंड लिफ्ट’चं बटण असल्याची खात्री करून घ्या. ते फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडतं, विजेच्या प्लगच्या अर्थला धक्का लावत नाही. साउंडवाल्याला पिन काढून जे हवं होतं, ते या बटणानं बिनधोक मिळतं. शक्य असेल तर अॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या.

मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला आणखी एक काम सांगा. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थ यांच्यात 230च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम दोन-चार. फेज-अर्थमध्ये काहीच दिसत नसेल, तर बोर्डाला भोक आहे पण आत अर्थिंग नाही. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवायला लावा. मंडळ वर्गणीतून रोषणाई करतं, तर हेही करू शकतं.

प्रश्न : काका, मी अहिल्यानगरला इंजिनिअरिंगला आहे. माझा अॅम्प 40 वॅटचा आहे आणि ड्रमर सुरू झाला की मी मला स्वतःलाच ऐकू येत नाही. 80 वॅटचा घेतला तर दुप्पट आवाज होईल ना?

उत्तर : नाही रे. वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त 3 डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम कळेल इतका. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून वॅटच्या आधी स्पीकर बघ. कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॅटला किती आवाज निघतो तो आकडा, दिलेली असते. 94 डेसिबलचं कॅबिनेट आणि 100 डेसिबलचं कॅबिनेट यांच्यातला फरक चौपट वॅट वाढवण्याइतका असतो. 1969 साली आलेला अँपेग कंपनीचा एसव्हीटी हा अॅम्प 300 वॅटचा होता, पण त्याचा दरारा त्याखालच्या आठ 10 इंची स्पीकरमुळेही होता. इतके स्पीकर मिळून हवा हलवतात, तेव्हा तो आवाज पोटात जाणवतो.

विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय कर. बहुतेक पोरं ऐकू येत नाही म्हणून ‘बेस’चं, म्हणजे खर्जाचं, बटण वाढवतात. मोकळी ‘ई’ तार 41 हर्ट्झची, पण लहान अॅम्पमधून आपण बहुतांश तिचे 82, 123 असे वरचे स्वरांश ऐकतो. 41 हर्ट्झ फुगवायला अॅम्पची सगळी ताकद जाते, स्पीकर धापा टाकतो आणि त्या पट्ट्यात बासड्रम आधीच बसलेला असतो. बेस थोडा कमी कर आणि मिड वाढव, साधारण 250 ते 800 हर्ट्झचा भाग. घरी एकट्यानं ऐकताना तो आवाज नाकात बोलल्यासारखा वाटेल, पण ड्रमसोबत तोच उठून येतो. आणि अॅम्प पायाशी ठेवू नकोस, कानाच्या दिशेनं तिरका कर. पोटऱ्यांना ऐकू येत नाही.

वेगळा हेड (स्पीकर नसलेला अॅम्प) घ्यायची वेळ आली, तर हलक्या क्लास-डी हेडवर ‘300 वॅट’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा 4 ओहमवर. 8 ओहमचं एकच कॅबिनेट लावलंस तर साधारण निम्मे मिळतील. 8-8 ओहमची दोन समांतर लावली की 4 ओहम. त्याखाली जाऊ नकोस, हेडच्या मागे लिहिलेला किमान आकडा नीट वाच.

प्रश्न : ठाण्याहून लिहितोय, नोकरी करतो आणि शनिवार-रविवार वाजवतो. फेंडरच्या प्रिसिजन बेसची स्वस्त नक्कल आहे. आवाज बोथट वाटतो. अमेरिकन पिकअप घालायचा विचार आहे, पण त्याची किंमत बेसइतकीच आहे. घालू?

उत्तर : अजून नको. तुमच्या पत्रात तारा किती जुन्या आहेत हे नाही, आणि मी सगळ्यात आधी तेच विचारतो. बोथट आवाजाचं पहिलं कारण मेलेल्या तारा. 45 ते 105 गेजचा (जाडीचा) नवा राउंडवाउंड, म्हणजे गोल तार गुंडाळलेला, सेट चढवा आणि मग ठरवा. (उलट चव हवी असेल तर तीही सन्मानाची आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन 1962च्या प्रिसिजनवर जाड फ्लॅटवाउंड (सपाट गुंडाळीच्या) तारा लावायचा आणि तुटेपर्यंत बदलत नसे.)

मग सेटअप, म्हणजे नेक आणि तारांची उंची नीट लावणं. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आणि शेवटच्या फ्रेटवर ‘ई’ तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट आहे ते बघा. 0.3 ते 0.4 मिलिमीटर पुरे, साधारण जाड व्हिजिटिंग कार्ड जाईल इतकी. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) उजवीकडे पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही. दुसऱ्या दिवशी परत बघा. ठाण्याच्या पावसाळ्यात नेक हलणारच, जूनमध्ये लावलेला सेटअप ऑक्टोबरात तपासावा लागतो. बाराव्या फ्रेटवर ‘ई’ अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि ‘जी’ दोनच्या आसपास ठेवा.

त्यानंतर पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात अडीच-तीन मिलिमीटर अंतर ठेवा. स्वस्त बेसवर पिकअप बऱ्याचदा पार खाली बुडालेला सापडतो. दोन स्क्रू फिरवल्यावर आवाजात जे येतं, त्यासाठीच लोक नवा पिकअप मागवतात.

एवढं करूनही समाधान झालं नाही, तर पॉट आणि कपॅसिटर बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला दोन्ही मिळतात. पॉट 250 के, आणि त्यावर ‘ए’ अक्षर असलेला, म्हणजे लॉग. दुकानदार सर्रास ‘बी’ काढून देतो, तो लिनिअर. व्हॉल्यूमला तो लावला की सगळा फरक सुरुवातीच्या थोड्याशा फेऱ्यात होतो आणि पुढे बटण नुसतं फिरत राहतं. टोनला 0.047 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर, त्यावर 473 छापलेलं असतं. 104 छापलेला 0.1चा, तो टोन बंद केल्यावर जास्त गडद करतो. 223 म्हणजे 0.022, बंद केला तरी उजेड ठेवतो. टोन पूर्ण उघडा ठेवून वाजवत असाल, तर या तिघांत तुम्हाला जवळपास काहीच फरक ऐकू येणार नाही. त्यामुळे महागडा ‘व्हिंटेज’ कपॅसिटर कुणी गळ्यात मारायला लागलं, तर टोन उघडून ऐकवायला सांगा.

या सगळ्यानंतरही पिकअप हवा असेल, तर खुशाल घाला. मग तो पिकअपचा निर्णय असेल.

प्रश्न : माझ्या अॅक्टिव्ह बेसची 9 व्होल्टची बॅटरी दर थोड्या दिवसांनी संपते. प्रीअँप बिघडलाय का? – नाशिक

उत्तर : केबल लावलेलीच ठेवता का? अॅक्टिव्ह बेसचा जॅक स्टिरिओ असतो आणि प्लग आत गेला की बॅटरीचं सर्किट पूर्ण होतं. व्हॉल्यूम शून्यावर असला तरी प्रीअँप (बेसच्या आतला बॅटरीवरचा छोटा अॅम्प) जागाच असतो. वाजवून झालं की प्लग काढा. काढूनही बॅटरी संपत असेल, तर मग जॅक तपासायला आणा.

प्रश्न : मी मडगावचा. लग्नांत आणि चर्चच्या कार्यक्रमांत वाजवतो. एकुलत्या एका बेसचे फ्रेट काढून फ्रेटलेस करायचा विचार आहे.

उत्तर : एकुलता एक असेल तर करू नका. लग्नात ब्रास सेक्शनशेजारी उभं राहून मंद उजेडात सूर शोधणं वेगळी विद्या आहे, आणि त्या कामाचे पैसे तुम्ही घेतलेले असतात. दुसरा जुना, नेक सरळ असलेला बेस शोधा आणि त्यावर करा.

फ्रेट उपटू नका. सोल्डरिंग आयर्ननं फ्रेट तापवा, आतला गोंद सैल होऊ द्या, आणि चपट्या तोंडाच्या कटरनं एका टोकापासून हळूहळू उचला. रोजवुडच्या कपच्या निघाल्या तर त्या लगेच तिथंच चिकटवा. फटींत लाकडाच्या पातळ पट्ट्या बसवून घासून घ्या, मग नटचे (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीचे) खाचे खाली आणावे लागतील. फिकट लाकडाच्या पट्ट्या घातल्यात तर रेषा दिसतात. बोट त्या रेषेवरच ठेवायचं, फ्रेट असलेल्या बेसवर ठेवायची सवय होती तसं तिच्या मागे नव्हे. फ्रेटलेसचा नामांकित वादक जॅको पास्टोरियस राउंडवाउंड तारा लावायचा, म्हणून त्यानं आपल्या 1962च्या जॅझ बेसच्या फिंगरबोर्डवर बोटींसाठीच्या इपॉक्सीचा थर चढवला होता. तुम्ही थर देणार नसाल तर फ्लॅटवाउंड लावा, नाहीतर तारा रोजवुडला चरे पाडतील.

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे आणि तिला बेस शिकायचाय. घरी तिच्या मामाचा गिटारचा लहान अॅम्प आहे. त्यावर बेस चालेल का? – एक आई, सातारा

उत्तर : खोलीत, हळू आवाजात, जरूर चालेल ताई. मोठा आवाज मात्र नको. गिटारच्या स्पीकरचा पडदा खर्जासाठी लागतो तितका मागे-पुढे जायला बनवलेला नसतो, जोर केला की तो फाटू शकतो. बेसचं बटण मध्यावर किंवा त्याखाली ठेवा आणि गेन कमी. आवाजात फडफड ऐकू आली की व्हॉल्यूम लगेच खाली घ्यायला तिला शिकवा. अॅम्पला हेडफोनचं भोक असेल तर रात्री तेच वापरू दे. मामांचा अॅम्प बरेच दिवस बंद असेल, तर पहिल्यांदा लावण्याआधी त्याचा प्लग आणि वायर एकदा बघून घ्या, तिन्ही पिना जागेवर आहेत ना म्हणून. पहिलं वर्ष एवढ्यावर निघेल. वाचलेले पैसे चांगल्या ट्यूनरला आणि बेसच्या सेटअपला घाला. नववीतल्या बोटांना उंच तारा दाबायला लावल्या, तर ती दुखून सोडून देईल.