पप्पांचं तारण झालं की नाही हे घरात कोण ठरवणार?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं गं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. पप्पा जाऊन चार महिने झाले, हार्ट अटॅक, कुणाशी दोन शब्द बोलायला पण वेळ मिळाला नाही. शेवटची सात-आठ वर्षं ते चर्चला जात नव्हते, का ते कधी बोलले नाहीत. तुझा भाऊ वेगळ्या मंडळीत जातो, तो म्हणतो पप्पांचा नवा जन्म, म्हणजे स्वतः मनापासून येशूवर विश्वास ठेवून बदलणं, झालाच नव्हता, तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा काय कामाचा, आणि चांगली कामं करून कुणाचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होत नाही. आत्या कॅथलिक, पप्पाही जन्माने तेच, ती रडते की पापकबुली नाही, शेवटचं तेल लावायला फादर नाहीत, असा कसा गेला माझा भाऊ. आणि आई रात्री दोन-अडीचला उठून बसते नि तुला विचारते, "अगं, कुठे असतील गं ते?" तू मला विचारलंयस, यातलं खरं कोणाचं आणि आईला काय सांगू.

आधी हे बघ की भावाचं आणि आत्याचं एकमेकांशी अजिबात पटत नाही, तरी पप्पांच्या बाबतीत दोघं एकाच जागी येऊन थांबलेत. मला तर तिथेच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

भांडण मात्र फालतू नाहीये, ते कुणी तुला "जाऊ दे, सगळे सारखेच" म्हणून गुंडाळून दिलं तर घेऊ नकोस. येशूचा प्रेषित पौल रोमकरांना पत्रात लिहितो की माणूस देवापुढे विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्रातल्या कर्मांनी नाही, आणि याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सरळ लिहितो की नुसत्या विश्वासाने नाही, कृत्यांनी ठरतो. दोन्ही एकाच बायबलात. प्रोटेस्टंट चळवळ ज्याने सुरू केली त्या ल्यूथरने १५२२ मध्ये नवा करार जर्मनमध्ये आणला तेव्हा पौलाच्या त्या वाक्यात "फक्त" हा शब्द स्वतःहून घातला आणि त्यावरून केवढा गदारोळ झाला, मग १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत कॅथलिक चर्चने आपलं उत्तर ठरवलं, आणि त्यानंतर चारशेहून जास्त वर्षं लोक एकमेकांना नरकात पाठवत बसले. पण ३१ ऑक्टोबर १९९९ ला जर्मनीत ऑग्सबर्गमध्ये ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरला मानणारी चर्चेस, आणि कॅथलिक दोघांनी एका कागदावर सह्या केल्या की देव आपल्याला स्वीकारतो ते कृपेनेच, आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नाही, आणि तीच कृपा आपल्याला चांगली कामं करायला लावते. सगळे वाद मिटले नाहीत, पण एवढं दोघांनी मान्य केलं, हे तुझ्या घरात दोघांनाही माहीत असायला हवं.

भावाला इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं ८ आणि ९ वचन तोंडपाठ असणार, "कृपेनेच तुमचं तारण झालं आहे". त्याला म्हणावं १० वं पण वाच, लगेच पुढचंच आहे, आपल्याला सत्कृत्यांसाठीच घडवलंय म्हणून. आणि तारण सगळं देवाचंच काम असेल, माणसाचं त्यात काहीच नसेल, तर मग ते झालं की नाही याचा निकाल माणूस कसा काय देतो? दुसऱ्याच्या चाकराला दोष लावणारा तू कोण, असं पौलच विचारतो, रोमकरांस १४ मध्ये.

आत्याला सांग की तिच्याच चर्चच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, १९९२ च्या, लिहिलंय की देवाने तारण बाप्तिस्म्याच्या संस्काराशी बांधलंय पण देव स्वतः संस्कारांना बांधलेला नाही. संत कोण ते तिचं चर्च जाहीर करतं, पण अमुक माणूस नरकात आहे असं नाव घेऊन आजवर जाहीर केलेलं नाही. तिच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करतात, ती करू दे तिला मनापासून. भावाला ते पटत नसेल, नाक मुरडेल, मुरडू दे.

आता तू पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिलंयस ते. रविवारी सकाळी सगळे चर्चला निघाले की पप्पा शेजारच्या लकवा झालेल्या काकांकडे जायचे, मगमध्ये गरम पाणी घेऊन, त्यांची हनुवटी हातात धरून दाढी करून द्यायचे, आणि गालाचा जो भाग लुळा पडला होता तिथे जास्त हळू. तू हे एकदाच दारातून पाहिलंस. मी असं म्हणत नाहीये की दाढी करून दिली म्हणून तारण झालं, तसं म्हटलं तर मी पण भावासारखी हिशोब मांडायला बसले. पण सार्वकालिक जीवन म्हणजे मेल्यावर मिळणारी न संपणारी वर्षं एवढंच आपण धरून चालतो आणि योहान आपल्या शुभवर्तमानात तसं लिहित नाही. त्याच्या १७ व्या अध्यायात येशू प्रार्थनेत म्हणतो की एकच खऱ्या देवाला आणि त्याने पाठवलेल्याला ओळखणं हेच सार्वकालिक जीवन. आणि ५ व्या अध्यायात, विश्वास ठेवणारा मरणातून जीवनात गेलेला आहे, जाईल नाही, गेलेला आहे. म्हणजे ते इथेच सुरू होतं. पप्पांच्या त्या रविवारांत देवाची ओळख कितपत होती ते तुला माहीत नाही, मलाही नाही, भावाला तर नाहीच, तो तेव्हा चर्चमध्ये होता.

भावाशी एकटं बोल, आईसमोर नको, आणि वचनं घेऊन जाऊ नकोस, त्यात तो तुला हरवेल. फक्त विचार, पप्पांशी तुझं शेवटचं बोलणं काय झालं होतं रे? मला वाटतं तो त्यांना सांगून सांगून थकला होता, त्यांनी ऐकलं नाही, आणि आता त्याला स्वतःचीच भीती वाटतेय की मी कमी पडलो. रडला तर रडू दे. एक गोष्ट मात्र ठामपणे सांग, आईच्या कानावर पप्पांचा निकाल पुन्हा पडता कामा नये, तुझा विश्वास काहीही असो.

मतं जुळलीच पाहिजेत असं नाही. वेस्ली आणि व्हाइटफील्ड हे अठराव्या शतकातले दोन इंग्लिश धर्मप्रचारक मित्र, देव तारणासाठी माणसं आधीच निवडतो का यावरून उघड उघड भांडले, वेगळे झाले, आणि १७७० मध्ये व्हाइटफील्ड वारला तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे स्मरणाचं प्रवचन वेस्लीनेच दिलं.

आईला खोटा धीर देऊ नकोस, तिला तो ओळखू येईल. ती विचारेल तेव्हा दिवा लाव, जवळ बस, म्हण, "आई, मला माहीत नाही, पण ते ज्याच्या हातात आहेत तो पप्पांवर आपल्यापेक्षा जास्त प्रेम करतो." मग दाढीचं सांग तिला. तिला ठाऊक नसेल कदाचित. आणि चार महिने झोप नाही म्हणजे या आठवड्यात डॉक्टरांना दाखवच, गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला असं घरात कोणी म्हणालं तर त्याला मला पत्र लिहायला सांग.