फोटो आणि सिनेमांसाठी घरी छोटा सर्व्हर करायचा आहे. रास्पबेरी पाय (एकाच छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर) घेऊ की मिनी पीसी?

मिनी पीसी घ्या. नुसत्या फायली ठेवायच्या असत्या तर पाय पुरला असता. पण टीव्हीला एखादा फॉरमॅट झेपला नाही की सर्व्हरला तो व्हिडिओ चालता चालता बदलून द्यावा लागतो, आणि तिथे पाय धापा टाकतो. मिनी पीसीत मिळणाऱ्या इंटेल एन100 च्या चिपमध्ये या कामासाठी क्विक सिंक हा वेगळा भाग आहे, त्यामुळे प्रोसेसरवर फारसा ताण येत नाही. रॅम 8 जीबी पुरे.

त्यावर डेबियन ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम, घरातल्या इतर कॉम्प्युटरवरून फायली उघडायला सांबा, टीव्हीवर सिनेमे दाखवायला जेलिफिन. जेलिफिन पूर्ण फुकट आहे. तशाच प्लेक्समध्ये हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला, म्हणजे चिपच्या त्या भागाकडून व्हिडिओ बदलून घ्यायला, पैसे मोजावे लागतात.

विजेची काळजी नको. सरासरी 10 वॉट धरले तरी महिन्याला साधारण 7 युनिट.

खरी डोकेदुखी डिस्कची. मिनी पीसीत 3.5 इंची डिस्क मावत नाही, ती बाहेरून यूएसबीने जोडावी लागते आणि तिला 12 व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. माझ्याकडे पीसी छोट्या यूपीएसवर होता, डिस्कचा अ‍ॅडॉप्टर मात्र थेट भिंतीत. लाइट गेली, पीसी मजेत चालू, डिस्क गायब! डिस्कची फाइल सिस्टिम तपासत (एफएसचेक) रात्र गेली. दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या.

आणि दोन डिस्क रेडमध्ये, म्हणजे एकीची नक्कल दुसरीवर आपोआप होत राहील अशा, लावल्या म्हणजे बॅकअप झाला असं नाही. चुकून उडवलेला फोल्डर दोन्हीकडून उडतो. लग्नाचे, बाळाचे फोटो तिसऱ्या डिस्कवर घेऊन भावाकडे ठेवा. सिनेमे गेले तर गेले.