आधी घरातला हौद

प्रिय पोरी,

जोतीराव फुल्यांच्या तिकिटाचा फोटो पोचला. १९७७ सालचं ते तिकीट, मी पोस्टात लागले त्याच सुमाराचं. सावित्रीबाईंचं आलं १९९८ मध्ये. काउंटरवर बसून अशा कित्येक थोरांच्या तोंडावर मी शिक्के मारलेत, म्हणून सांगते, तिकिटावर गेलेल्या माणसाचा कुणालाच त्रास होत नाही.

तुझी अडचण ११ एप्रिलच्या भाषणाची नाहीच. अडचण आहे ती खिडकीत वेगळ्या ठेवलेल्या कपाची, ज्यात संडास-बाथरूम धुणाऱ्या मावशींना चहा मिळतो. आईला आत्ता बोलावं, की स्वतःचं घर होईपर्यंत थांबावं, असं विचारतेस. थांबू नकोस. स्वतःच्या घरात समता पाळायला काय लागतं? तिथे अडवणारंच कुणी नसतं.

भाषणात तू १८४८ ची भिडे वाड्यातली शाळा सांगशील, सावित्रीबाईंवर फेकलेलं शेण सांगशील. सांगच. माझं मन मात्र १८६८ पाशी अडकतं. त्या साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. शाळांपायी त्यांनी कमी सोसलं असं नाही, वडिलांनी नवरा-बायकोला घराबाहेर काढलं होतं. पण शाळेचं कौतुक करणारेही होते. १८५२ मध्ये विश्रामबाग वाड्यात सरकारने त्यांचा सत्कार केला, शाली दिल्या. हौदासाठी कुणी शाल पांघरल्याचं माझ्या वाचनात नाही. शिक्षण वरच्या पायरीवर उभं राहूनही देता येतं, उपकार केल्यासारखं. पाण्याला ती सोय नाही. एकाच हौदात सगळ्यांच्या घागरी बुडाल्या की सोयरेधायरे तुमच्याकडे पाणी प्यायला बिचकतात. जात दुखते ती तिथे.

म्हणून कंटाळलीस तरी पुन्हा तेच सांगणार, आधी घरातला हौद. फेसबुक नंतर.

आई काय म्हणेल ते मला पाठ आहे. ‘त्यांनाच संकोच वाटतो.’ ‘जातीचं नाही गं, स्वच्छतेचं आहे.’ मग परवा खोकत आलेल्या आत्याला कुठल्या कपात चहा दिलास, एवढंच विचार. वाद नको, पुस्तकातले उतारे तर अजिबात नकोत. सकाळी स्वतः चहा टाक, मावशींना घरचा कप दे आणि खिडकीतला कप तू घे. रोज.

माझ्या सासरी पाण्याचा माठ होता. खात्यातल्या एका सहकाऱ्याने त्यात तांब्या बुडवला म्हणून थोरल्या दिरांनी तो फोडला. दुसऱ्या दिवशी मी नवा माठ आणला आणि त्याच सहकाऱ्याला पुन्हा जेवायला बोलावलं. दीर आमच्याकडे पाणी प्यायचे थांबले, ते मरेपर्यंत. त्यात जाऊबाईंचं येणंही तुटलं. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली होती, ते अजून टोचतं. लोक म्हणतात, गोडीने झालं असतं. कुठलं होतंय! गोडीची वाट पाहण्यात त्या घराच्या पिढ्या गेल्या होत्या. आज वेळ आली तरी मी माठच आणीन. तुला वाद नको म्हणते आणि स्वतःचं हे सांगते म्हणून हसू नकोस. तुझी आई म्हणजे माझे दीर नव्हेत.

मुक्ता साळवेचं नाव मात्र भाषणात घेच. फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली ही मुलगी, हिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या लोकांचं दुःख तिने स्वतः लिहिलं. आपल्याला दुसऱ्यांच्या वतीने बोलायची फार हौस, म्हणून आठवण करून दिली.

मावशींच्या बाबतीतही तेच. चिडली तर आई तुला घराबाहेर काढणार नाही, मावशींना कामावरून काढेल. तेव्हा चहा टाकण्याआधी त्यांना एकटीला गाठून विचार. नको म्हणाल्या तर त्यांच्यावर जबरदस्ती करू नकोस, पण खिडकीतला कप तरीही तूच वापरायचा, त्यातून तुझी सुटका नाही. आणि काढायची भाषा झालीच, तर त्यांचा पगार चालू राहील हे बघणं तुझ्याकडे. नोकरी लागलीय ना?

तुझी,
काकू