पुण्यात साड्यांचं लहान दुकान आहे, कोडिंग येत नाही. वेबसाइट कशावर बनवावी?

दुकान कर्वेनगरात, गिऱ्हाईक बहुतेक आसपासचं आणि बजेट बेताचं, असं तुम्ही लिहिलंय. मी लहान दुकानांच्या वेबसाइट लावून देतो. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: रात्री शटर ओढल्यावर नव्या साडीचा फोटो आणि किंमत टाकणार कोण? त्या माणसाला मोबाइलवरून जे जमेल तेच साधन घ्यायचं.

जवळच्या गिऱ्हाइकासाठी आधी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल नकाशावर दिसणारी दुकानाची नोंद) आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग भरा. दोन्ही फुकट. दुपारी दुकान बंद ठेवत असाल (पुण्यात विचारायला नकोच!) तर सकाळ-संध्याकाळच्या वेळा वेगवेगळ्या टाकता येतात. या प्रोफाइलमधून आयती वेबसाइट मिळायची, ती सोय गूगलने मार्च २०२४मध्ये बंद केली; जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका.

नुसता पत्ता, फोटो आणि व्हॉट्सॲपचा नंबर दाखवायचा असेल तर गूगल साइट्स हे गूगलचं साइट बनवायचं साधन पुरतं. तेही फुकट, स्वतःचं डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) जोडता येतं, फक्त कार्ट (माल निवडून तिथेच पैसे भरायची सोय) नाही. विक्स हे असंच दुसरं साधन देखणं आहे, पण फुकटात त्यांची जाहिरात दिसते, साइटच्या पत्त्यातही त्यांचंच नाव, आणि उद्या साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर (साइट ठेवायची भाड्याची जागा) नेता येत नाही. ऑनलाइन पैसे घेऊन कुरियर करायचं असेल तर शॉपिफाय हे ऑनलाइन दुकानाचं तयार साधन सोपं. मात्र विक्री होवो न होवो, दरमहा भाडं भरावं लागतं. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर वूकॉमर्स हा दुकानाचा जोडभाग फुकट बसतो, पण होस्टिंगचे पैसे, अपडेट, बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. एकट्याने गल्ला सांभाळणाऱ्याला मी ते सुचवत नाही.

यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे डोमेन. ते तुमच्याच नावावर, तुमच्याच ईमेलवरून घ्या. ‘काका, मी करून देतो’ म्हणणारा पोरगा ते स्वतःच्या खात्यात घेतो, आणि पुढे त्याचा नंबर बदलला की तुमची पाटी त्याच्याकडेच राहते. पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका, पुढच्या वर्षांच्या रिन्युअलचा दर विचारा.

मराठी मजकूर टाकणार असालच (टाका!), तर फ्लेक्सवाल्याकडची श्रीलिपीतली (जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमधली) फाइल जशीच्या तशी चिकटवू नका, वेबवर त्याची नुसती गिचमीड दिसते. युनिकोडमध्ये (मोबाइलवर मराठी टाइप होतं त्या पद्धतीत) पुन्हा टाइप करा. मुक्त (Mukta) किंवा बालू (Baloo) हे फुकट फाँट छान दिसतात.

पार्सल महाराष्ट्राबाहेर पाठवायचा विचार असेल तर आधी सीएला गाठा. मालाच्या विक्रीला राज्यात जीएसटी नोंदणीसाठी वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची मर्यादा आहे. परराज्यात विकताना, हस्तकलेसारखे मोजके अपवाद सोडले, तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते.