घरी बिअर करताना थंड केलेल्या वर्टमधून हॉप्सचा चोथा कसा वेगळा करायचा?

गाळू नका, निवळू द्या. (वर्ट म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, हॉप्स म्हणजे कडवटपणासाठी त्यात उकळलेली फुलं.)

तुमच्यासारखंच माझंही व्हायचं: पाच गॅलन वर्ट थंड झालंय, फर्मेंटरच्या (आंबवायच्या भांड्याच्या) तोंडावर गाळणी ठेवलीय आणि अर्धा लिटर ओतलं की ती तुंबतेय. रात्रीचे साडेअकरा, बायको पातेलं तिरकं धरून उभी आणि मी चमच्यानं गाळणीतला हिरवा लगदा खरवडतोय. सिएटलमधल्या आमच्या स्वयंपाकघरात हे तीनदा घडलं. चौथ्यांदा पातेलं धरायला ती आलीच नाही.

तुम्ही बहुतेक पेलेट हॉप्स वापरताय. ती दाबलेली पूडच असते, उकळीत फुटून तिचा चिखल होतो. अख्खी फुलं असली तर त्यांचाच थर गाळणीचं काम करतो.

तर आता असं करा. तांब्याचा चिलर (वर्ट थंड करायचं नळीचं वेटोळं) बाहेर काढा, तो आत असला की भोवरा धरत नाही. निर्जंतुक केलेल्या लांब चमच्यानं एकाच दिशेनं मिनिटभर जोरात ढवळा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं हात लावू नका. कपातली चहापत्ती ढवळल्यावर मधोमध गोळा होते, तसाच चोथ्याचा ढीग मध्ये बसतो. (तळाशी घर्षणानं पाणी हळू फिरतं, म्हणून तिथला प्रवाह मध्याकडे वळतो. आइनस्टाइननं १९२६ मध्ये यावर लिहिलं होतं, चहापत्तीचंच उदाहरण घेऊन.) मग सायफनची नळी कडेला धरा, पातळी उतरेल तशी हळूहळू खाली न्या आणि ढीग ढासळायला लागला की थांबा. दीडेक लिटर वाया जातं. जीव तुटतो, म्हणून मी हल्ली सुरुवातीलाच तेवढं जास्त घेतो.

ढिगाभोवती अंड्याच्या सूपसारखे पांढुरके तुकडे दिसतील. ती थंडीनं साकळलेली प्रथिनं, वर्ट नासलेलं नाही.

पुढच्या खेपेला हॉप्स उकळतानाच मलमलीच्या पिशवीत घाला. पिशवी ऐसपैस हवी. घट्ट पुरचुंडी बांधलीत तर पूड फुगून तिचा गोळा होतो आणि कडवटपणा नीट उतरत नाही.

आणि थोडा चोथा गेलाच, तर जाऊ द्या. माझ्या मागच्या पेल एल बिअरमध्ये वाटीभर तरी गेला असेल. बाटल्या भरायच्या दिवशी बघितलं, तर तळाशी यीस्टच्या थराखाली दबून बसला होता.