वेबसाइटची लिंक असलेला क्यूआर कोडच प्रॉडक्टचा बारकोड म्हणून चालेल का?

चालेल, पण कुठलाही क्यूआर नाही चालणार. नुसती वेबसाइटची लिंक टाकली तर बिलिंग काउंटरला त्यातून काहीच कळत नाही. त्यासाठी जीएस१ (बारकोडचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) हिचं डिजिटल लिंक नावाचं स्टँडर्ड आहे, त्यात लिंकच्या आतच नंबर बसवलेले असतात, म्हणजे ०१ च्या पुढे १४ अंकी प्रॉडक्ट नंबर, १० च्या पुढे बॅच आणि १७ च्या पुढे एक्सपायरी डेट. मोबाईलने स्कॅन केलं की वेबपेज उघडतं, आणि काउंटरवरचं सॉफ्टवेअर तीच लिंक साधा मजकूर म्हणून वाचतं, त्यातून नंबर काढतं आणि वस्तू शोधतं, त्याला ती लिंक उघडायचीच नसते त्यामुळे त्या कामाला इंटरनेटही लागत नाही (हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं).

मला यातलं सगळ्यात आवडतं ते एक्सपायरीचं. जुन्या रेघांच्या बारकोडमध्ये फक्त नंबर असतो, इथे तारीख पण असल्यामुळे मुदत संपलेलं पाकीट बिल करतानाच अडवता येतं, फक्त सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय हवी.

अडचण स्कॅनरची आहे. जुना लेझरवाला स्कॅनर क्यूआर वाचूच शकत नाही, कॅमेरावाला इमेजर लागतो. २०२७ संपेपर्यंत दुकानांचे काउंटर दोन्ही प्रकार वाचू शकतील असं जीएस१ चं टार्गेट आहे, तोपर्यंत पाकिटावर दोन्ही कोड छापा.

आणि प्लीज, फुकटची शॉर्ट लिंक वापरू नका, डोमेन स्वतःचंच घ्या, शॉर्ट लिंक देणारी सर्व्हिस बंद पडली तर छापलेल्या पाकिटांवरची लिंक बदलता येत नाही.